शिधा घेऊन औंढ्याला

औंढा नागनाथला येणारा भाविक बहुधा तासा-दोन तासांत परत फिरतो. मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं मानली जातात, परळी, औंढा आणि वेरूळ. तिन्ही एका दमात उरकायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? गाडी वाहनतळावर लागते, रांग सरकते, दर्शन होतं, पेढ्यांचा पुडा पिशवीत जातो आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो. हिंगोली जिल्हा त्या प्रवाशाला खिडकीतून दिसतो तेवढाच.

या जिल्ह्यात मुक्काम करायचा, तोही स्वतःच्या हातानं रांधून, असं ठरवून आम्ही निघालो तेव्हा महाशिवरात्र तोंडावर आली होती. औंढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या मळ्यातलं जुनं घर पाहुण्यांसाठी नीट करून ठेवलं आहे, असं ओळखीतून कळलं होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं पडवी. आत गॅसची शेगडी, बाहेर मातीची चूल, रांजणभर पाणी आणि सरपणाचा ढीग. भांडी त्यांची, शिधा आपला. जेवण हवं असेल तर मालकांच्या घरून येतं, पण आम्हाला ते नको होतं.

असं घर घेणाऱ्यानं भाड्याइतकीच बाकीच्या गोष्टींचीही चौकशी करावी. सिलिंडर भरलेला आहे का, हे आधी फोनवर विचारावं, कारण रेल्वेत गॅस सिलिंडर घेऊन जाता येत नाही. पिण्याचं पाणी विहिरीचं की बोअरचं, लाइट गेली तर पंपाचं काय, रात्री जवळपास कोण असतं, हेही विचारून घ्यावं. आमच्या मालकांनी आधार कार्डं बघितली, वहीत नावं लिहिली आणि मगच किल्ली हातात ठेवली. ही शिस्त आम्हाला आवडली.

आपली चूल आपण पेटवायची हा मुक्कामाचा प्रकार इथं नवा नाही. यात्रेला बैलगाडीत पीठ, डाळ, मीठ-मिरची बांधून निघायचं, देवळाच्या आवारात नाहीतर धर्मशाळेत तीन दगड मांडायचे, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, आधी देवाला नैवेद्य आणि मग आपलं पान, ही मराठवाड्याची जुनी रीत. साहेबाच्या अमदानीत डाक बंगले आले आणि त्यांच्याबरोबर खानसामा आला. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, त्यामुळे साहेबी मुक्कामाची तऱ्हा या गावाला ठाऊक होती. पुढं सरकारी विश्रामगृहं झाली. पण तिथं पहिला मान दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचा आणि पुढाऱ्यांचा, सामान्य माणसाला खोली मिळायची ती रिकामी असली तर.

महाराष्ट्र शासनानं सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यानंतर शेतकऱ्याला आपलं शेतघर पाहुण्यांसाठी रीतसर नोंदवण्याची वाट मोकळी झाली. पुण्या-मुंबईच्या आसपास त्याचा फायदा लगेच दिसला. हिंगोली त्यात मागं आहे आणि याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दाखवण्यासारखं इथं भरपूर आहे.

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडं जाणारी लाइन आधी मीटरगेज होती, आता मोठी झाली आहे. वसमत, चोंढी, पुढं हिंगोली डेक्कन. वसमतच्या आसपास जमीन काळी, कसदार. कालव्याचं पाणी असल्यानं ऊस, केळी आणि हळद. गाडी सोडून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की जमीन वर चढते, माती तांबूस आणि हलकी होते. जिंतूरकडून येणारे अजिंठा रांगेचे फाटे दिसू लागतात. माळावर पळस फुलायला सुरुवात झाली होती.

सामान टाकून पहिलं काम बाजाराचं. वांगी, मेथी, तुरीच्या ओल्या शेंगा, लसणाची जुडी, गुळाचा खडा. ज्वारी धान्याच्या दुकानातून घेतली आणि तिथूनच गिरणीवर नेली. भाकरी करायची तर पीठ ताजंच हवं. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. गिरणीवाल्यानं आधीचा गहू पुरता निघेपर्यंत थांबायला लावलं आणि मग आमची ज्वारी ओतली. डब्यातलं पीठ कोमट होतं.

संध्याकाळी मालकीणबाई चुलीजवळ येऊन बसल्या. ‘ताई, बाभळीचं सरपण घाला, जाळ टिकतो. पऱ्हाटी नुसती भसकन जळून जाते,’ म्हणाल्या. पऱ्हाटी पेटवायला आणि बाभूळ रांधायला, अशी त्यांची वाटणी. तुरीच्या निम्म्या शेंगा मीठ घालून उकडल्या, निम्म्यांचे दाणे सोलून त्यांचं आळण केलं. पाण्याचा हात फिरवलेली भाकरी तव्यावर उलटायची, दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून निखाऱ्यापुढं उभी करायची. ती फुगते तेव्हा आतली वाफ एका बाजूनं फुस्सकन बाहेर येते आणि पापुद्रा सुटतो. गॅसवर हे होत नाही असं नाही, पण पापुद्र्याला तो खरपूस वास येत नाही. जेवायला मालकांचं सगळं घर ओसरीवर आलं. भाड्यानं घेतलेल्या घरात यजमानांना आपण वाढायचं, यात आम्हाला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी हुरडा. हंगाम सरत आला होता, मागास पेरलेल्या एका तुकड्यात कणसं अजून दुधात होती. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं निखाऱ्यात खुपसली आणि भाजली की लगेच हातावर चोळायची. हात पोळतात, पण थांबलं तर दाणा सुटत नाही. बरोबर तीळ-लसणाची चटणी आणि गूळ. शेजारच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे वाण काढलं आहे. मालकांचा जीव मात्र गुळभेंडीवर.

नागनाथाच्या देवळात सकाळी लवकर जावं. खालचा भाग यादवकाळाचा, हेमाडपंती म्हणतात तसा, आणि वरचं पांढरं शिखर नंतरच्या काळात दुरुस्ती होऊन चढलेलं. दोन्हींतला फरक लांबूनच डोळ्यांत भरतो. भिंतींना कोनामागून कोन आहेत, त्यामुळे उन्हं वर चढतात तशी एकेक मूर्ती उजेडात येते आणि शेजारची सावलीत जाते. हत्तींचे थर, सुरसुंदरी, देवदेवता. कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, तरी अंगाचा डौल तसाच आहे. देव तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरायचं, खाली छत डोक्याला लागेल इतकं खाली, ओल्या बेलाचा आणि तुपाच्या दिव्याचा वास. घाईच्या रांगेत हे काही हाती लागत नाही. आम्ही मुक्कामाला असल्यानं पुन्हा संध्याकाळी गेलो आणि बाहेरच्या भिंतींपाशी दिवे लागेपर्यंत फिरत राहिलो.

नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथंच, असं परंपरा सांगते. नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं वळलं, ही कथा औंढ्यात लहान पोरंही सांगतात. नंदी देवासमोर नाही, त्याचं कारणही तेच, असं सांगतात.

याच औंढा तालुक्यातलं दुधाळा हे गाव वेगळ्याच कारणानं जगाच्या नकाशावर गेलं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो इंडिया’ प्रयोगशाळा तिथं होते आहे. केंद्र सरकारनं २०१६ साली तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथं अशा वेधशाळा आहेत. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझरचा किरण, आणि अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल मोजण्याची अचूकता. अशा यंत्राला जमिनीचा हादरा सोसत नाही, म्हणून गर्दी-गोंगाटापासून लांबची शांत जागा लागते. हिंगोलीचं मागासलेपण म्हणून जी शांतता मोजली जात होती, तीच इथं कामी आली. उद्या तिथं देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील, त्यांनाही राहायला घरं लागतील. मालकांनी हा हिशेब आधीच करून ठेवला आहे. पडवीच्या जागी त्यांना तिसरी खोली काढायची आहे.

सिद्धेश्वर धरणावर आम्ही डबा घेऊन गेलो. रात्रीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही धरणांची जोडी. येलदरीला वीज होते, तिथलं पाणी सिद्धेश्वरात येतं आणि तिथून कालव्यांनी शेताकडं निघतं. वसमतकडची हिरवाई, ऊस, केळी, हळद, सगळं या पाण्यावर. मालकांच्या डोंगराकडच्या शेताला मात्र कालवा नाही, विहीर आहे, आणि हळदीचा एक तुकडा ते त्या विहिरीवरच काढतात.

त्या तुकड्यातली हळद तेव्हा निघत होती. मे-जूनमध्ये लावलेलं पीक आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणीला येतं. आधी पाला कापायचा, मग कंद उकरायचे, माती झाडून त्यांची वाटणी करायची. आईचा तो जेठा गड्डा, तो बियाण्याला. बाकीची हळकुंडं शिजवायला. पूर्वी मोठ्या काहिलीत पाण्यात शिजवत, आता बॉयलर येतो. टाकीखाली जाळ, आणि टाकीतली वाफ नळीनं ड्रममध्ये. पांढरा लोट उठतो आणि मातीचा, आल्यासारखा उग्र वास शिवारभर पसरतो. एका म्हाताऱ्या बाबांनी ड्रममधून एक हळकुंड काढून त्यात काडी टोचली. ती अडखळत गेली. ‘आणखी दम लागतो,’ म्हणाले आणि झाकण परत टाकलं. पुढच्या खेपेला काडी आरपार गेली. मग ताडपत्रीवर ओतून पंधरवडाभर उन्हात वाळवायची आणि शेवटी ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची, तेव्हा ते पिवळंधमक रूप येतं. निवडताना बाजूला पडलेल्या ओल्या हळदीचे तुकडे मालकीणबाईंनी आम्हाला दिले. लिंबू, मीठ आणि हिरवी मिरची घालून त्याच रात्री त्यांचं लोणचं केलं. बोटं पुढं कितीतरी वेळ पिवळी होती.

नर्सी नामदेव हिंगोलीहून जवळ, कयाधू नदीच्या काठी. परंपरेनं १२७० हे नामदेवांचं जन्मवर्ष आणि नर्सी हे जन्मगाव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यामुळे नांदेडला आलेले शीख यात्रेकरू वाट वाकडी करून नर्सीला येतात. पंजाबातल्या घुमान या गावी नामदेवांचं दीर्घ वास्तव्य झालं, तिथं २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलं होतं. नर्सीत एकीकडं टाळ-वीणा आणि दुसरीकडं गुरुद्वारा. वारकरी आणि शीख एकाच अंगणात पायताण काढतात. हे बघायला माणसांनी लांबून यावं.

परतीच्या वाटेवर शिरडशहापूरला थांबलो. मल्लिनाथांचं हे दिगंबर जैन क्षेत्र. यात्रेकरूंना मुक्काम देण्याची जुनी रीत इथंही आहे, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेण्याचा जैनांचा रिवाजही. हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्यात, जो परभणीतून वेगळा झाला तोच मुळी १ मे १९९९ रोजी, मुक्कामाच्या आणि अन्नाच्या इतक्या तऱ्हा नांदतात. त्या बघायच्या तर रात्र इथं काढावी लागते. पाहुण्याला ठेवून घेणारी आणखी चार-दोन घरं प्रत्येक तालुक्यात उभी राहिली, तर भाड्याचा पैसा थेट शेतकऱ्याच्या हातात पडेल आणि दूध, भाजी, गिरणी, रिक्षा यांनाही काम मिळेल. सरकारी फलकांपेक्षा हे काम नोंदणी करायला मदत करणारा तालुक्याचा एखादा कर्मचारी लवकर करील.

वसमतला गाडीला अवकाश होता. इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि गावात बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. बाजारातल्या एका दुकानदारानं एक हळकुंड मोडून आतला रंग दाखवला, मग दुसरं मोडून दाखवलं. पहिलं गडद, केशरीकडं झुकणारं, दुसरं फिकट. ‘वरून दोन्ही सारखेच दिसतात. मोडल्याबिगर घेऊ नका,’ म्हणाला. पहिल्यातली किलोभर घेतली, दळून नाही, अख्खीच.