स्वस्त बर्लिनचं बिल कोण भरतं?

बर्लिनहून आल्यापासून सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. "किती लागले गं?" काय पाहिलंस, काय खाल्लंस हे नंतर. तर सांगून टाकते. विमान आणि व्हिसा सोडून नऊ दिवसांत साधारण 35 हजार. राहायचा खर्च शून्य, कारण धाकटी मावसबहीण तिथे मास्टर्स करते आणि तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकायला जागा होती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पोस्ट वाचून उद्या कुणीतरी बॅग भरायला घ्यायचं.

पण टिप्स द्यायला लिहीत नाहीये. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली. कमी पैशात शहर किती उपभोगता येतं, ते आपल्या काटकसरीपेक्षा त्या शहराच्या कारभारावर जास्त अवलंबून असतं.

रात्रीचंच घ्या. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बर्लिनची भुयारी मेट्रो बंदच होत नाही. रात्री अडीचलाही पंधरा मिनिटांत गाडी. इतर दिवशी त्याच मार्गांवर रात्रीच्या बस. जुलै 2024 मध्ये मी गेले तेव्हा 49 युरोत महिनाभराचं तिकीट मिळत होतं, तेही अख्ख्या देशातल्या लोकल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस सगळ्याला चालणारं. स्टेशनवर फाटक वगैरे नाही. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक उभे राहतात, तिकीट नसेल तर 60 युरो मोजायचे.

आम्ही दोघी पहाटे तीनला मेट्रोत बसून घरी आलो. डब्यात झिंगलेली पोरं होती, पार्टीची चमचम गालावर लावलेल्या मुली होत्या, आणि बूट काढून पेंगणारी एक सफाई कामगार बाई होती. सगळं गोड गोड नाही हं. काही स्टेशनांवर नशेत पडलेली माणसं दिसतात, आपण पाय उचलून पलीकडे जातो. पण टॅक्सीचे पैसे नाहीत म्हणून अकरा वाजता घरी पळा, असं आम्हाला एकदाही करावं लागलं नाही.

तिथे बार बंद करायची सक्तीची वेळच नाही. महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम बर्लिनमध्ये गिऱ्हाईक खेचायची चढाओढ होती. हे आधी बंद की ते, असं चाललेलं. शेवटी 1949 मध्ये पश्चिम बर्लिनने वेळेचं बंधनच काढून टाकलं. त्यामागे एका हॉटेलवाल्याने अमेरिकन कमांडंटकडे केलेली रदबदली होती. (लॉबिंग काय आजचं नाही!) ऑक्टोबर 2020 मध्ये कोरोनामुळे रात्री अकराची वेळ लावली, तेव्हा सत्तर वर्षांत पहिल्यांदा शहराने हे पाहिलं.

आणि बारमध्ये जायलाच हवं असंही नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर 'श्पेटी' असतात, म्हणजे उशिरापर्यंत उघडी असणारी, आपल्या किराणा-कम-पानटपरीसारखी दुकानं. मूळ पूर्व जर्मनीतलं. पाळीवर काम करणाऱ्यांना सुटल्यावर दूध-पाव मिळावा म्हणून सुरू झालेली. आता तिथून दीड-दोन युरोची बाटली घ्यायची आणि कालव्याच्या पुलावर जाऊन बसायचं. आडमिरालब्र्युक नावाच्या पुलावर शेदीडशे लोक असेच बसलेले असतात. दहानंतर आवाज कमी करायचा, कारण आजूबाजूला माणसं राहतात.

या पुलावर एक आजी पिशवी घेऊन फिरत होत्या. सत्तरीच्या तरी असतील, कपडे नीटनेटके. रिकाम्या बाटल्या गोळा करत होत्या. बिअरच्या काचेच्या बाटलीचे 8 सेंट, डब्याचे किंवा प्लास्टिक बाटलीचे 25 सेंट दुकानात परत मिळतात. म्हणून लोक बाटली कचरापेटीत टाकत नाहीत, पेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात. "हात घालायला लागू नये ना ताई त्यांना," बहीण म्हणाली. आपल्याकडे पुण्यात 'स्वच्छ'च्या ताया सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, लाल ठिपका काढा म्हणून वर्षानुवर्षं सांगतात आणि सुशिक्षित सोसायट्या ऐकत नाहीत, ते आठवलं. पण हेही खरं की जर्मनीसारख्या श्रीमंत देशात एक म्हातारी बाई रात्री बारा वाजता आठ-आठ सेंट जमवत होती. आमची मजा जितकी स्वस्त, तितकीच तिची कमाईही.

त्याच रात्री चालत बेबेलप्लाट्झला गेलो. चौकात फरसबंदीमध्ये काचेची एक चौकट आहे, आतून उजेड येतो. वाकून पाहिलं तर खाली पांढरीशुभ्र खोली, भिंतींना रिकामे कप्पे. 10 मे 1933 ला नाझी विद्यार्थ्यांनी याच चौकात पुस्तकं जाळली. सुमारे 20 हजार पुस्तकं मावतील एवढे हे रिकामे कप्पे मिखा उलमान या इस्रायली शिल्पकाराने 1995 मध्ये केले. तिकीट नाही, रांग नाही, बंद होण्याची वेळ नाही. थोडं पुढे ज्यूंच्या स्मारकाचे 2711 काँक्रीटचे ठोकळे, तेही रात्रभर उघडं. मध्ये शिरलं की ठोकळे डोक्याच्या वर जातात आणि शहराचा आवाज विरतो. दिवसा तिथे सेल्फी चालतात. रात्री कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता. जुलै 2021 पासून बर्लिनमध्ये त्या दिवशी साठहून जास्त संग्रहालयं मोफत असायची. नेफरतितीचा पुतळा असलेल्या नॉयेस म्युझियमचं तिकीट 14 युरो, म्हणजे आपले साडेबाराशे. त्या दिवशी शून्य. माझ्या मागे एक तुर्की वाटणारं कुटुंब होतं, आजीसकट सहा माणसं. एरवी ते साडेबाराशे गुणिले सहा करून आले असते का?

हे वाक्य भूतकाळात लिहिलंय, कारण तो रविवार आता नाही. शहराने 2025 साठी संस्कृतीच्या बजेटमधून सुमारे 13 कोटी युरो कापले आणि 1 डिसेंबर 2024 चा मोफत रविवार शेवटचा ठरला. ज्यांना 14 युरो जड नव्हते त्यांचं काही अडलं नाही. ते 49 चं तिकीटही 2025 ला 58 झालं, 2026 ला 63.

गंमत म्हणजे तिकडे क्लबलाही सरकारदरबारी संस्कृतीच मानतात. 2016 मध्ये कोर्टाने बेर्गहाइन या प्रसिद्ध टेक्नो क्लबला मैफलीसारखा 7 टक्के कर लावला, करमणुकीचा 19 नाही. 2021 मध्ये संसदेने ठराव केला की क्लबना जुगारअड्ड्यांच्या रांगेत नको, नाट्यगृहांच्या रांगेत बसवा. तरी भाडी वाढतायत आणि वॉटरगेटसारखा नावाजलेला क्लब 2024 च्या शेवटच्या रात्री बंद झाला. ठरावाने भाडं भरता येत नाही.

आपल्याकडे 'नाइटलाइफ' शब्द काढला की भांडण पबवर येतं. दीडला बंद की तीनला, संस्कृती बुडाली की वाचली. त्या भांडणात बसचा विषयच येत नाही. पुण्याची मेट्रो रात्री अकराला थांबते. हॉटेलच्या किचनमधून साडेबाराला सुटणारा पोरगा हडपसरला कसा जातो, हॉस्पिटलातली आया दुसरी पाळी संपवून कशी जाते, हे कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात मी वाचलेलं नाही. आणि आपली बहुतेक संग्रहालयं संध्याकाळी पाच-साडेपाचला कुलूप लावतात. तिकीट दहा-वीस रुपये असलं तरी कामावरून सुटलेल्या माणसाने बघायचं कधी?

कुणी बर्लिनला जाणार असेल तर मी पाहिलेल्यातलं मोफत काय ते सांगते. गेस्टापोच्या मुख्यालयाच्या जागेवरचं 'टोपोग्राफी ऑफ टेरर', रात्री आठपर्यंत उघडं, निदान तीन तास हातात ठेवा. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनजवळचा 'ट्रेनेनपालास्ट', जिथे पूर्वेकडची माणसं पश्चिमेला परतणाऱ्या नातेवाइकांना रडत निरोप द्यायची. हुम्बोल्ट फोरमसमोर तर साक्षात आपल्या सांचीच्या तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे. पायथ्याशी बसून आम्ही घरून आणलेले ठेपले खाल्ले, कुणी उठवलं नाही. आत नायजेरियातून लुटून नेलेल्या बेनिनच्या मूर्ती आहेत. त्यांची मालकी जर्मनीने 2022 मध्ये नायजेरियाला परत दिली, काही तिथे उसन्या ठेवल्यात. पाट्या नीट वाचा, घाई करू नका.