विटा आणि चुना

जुना वाडा बघायला आलेला माणूस आधी लाकूड बघतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासमोर उभं राहिलं की दर्शनी सज्जाचं नक्षीकाम डोळ्यांत भरतं, आणि ते भरावं असंच आहे. माझं आयुष्य मात्र वाड्यांच्या दुरुस्तीत गेलं. मी कुठल्याही वाड्यात शिरलो की गिलावा कुठे फुटलाय ते शोधतो. तिथे वीट उघडी पडलेली असते आणि वाड्याची प्रकृती तिथेच कळते.

पेशवेकाळातली वीट आजच्या विटेहून पातळ, दीड-दोन इंच जाडीची. पातळ म्हणून भट्टीत आतपर्यंत भाजली जायची. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात. खणखणीत आवाज आला तर पक्की, बद्द वाजली तर बाजूला ठेवावी. वाड्याला खाली काळ्या दगडाचं घडीव जोतं, त्यावर विटांची जाड भिंत आणि भिंतीच्या पोटात सागवानी खांब. मजल्यांचा भार बराचसा हे खांब आणि तुळया पेलतात. वीट ऊन-पाऊस थोपवते आणि खांबांना हलू देत नाही. म्हणूनच भिंतीचा एखादा भाग ढासळला तरी वरचा मजला कित्येकदा जागेवर राहिलेला मी पाहिला आहे. याची दुसरी बाजू शनिवारवाड्यात दिसते. पहिल्या बाजीरावाने १७३० ते १७३२ या काळात उभारलेल्या त्या वाड्याला १८२८ साली आग लागली. लाकूड गेलं आणि महालही गेले. मागे राहिली ती जोती आणि तटबंदी, जिच्या खालच्या भागात दगड आहे आणि वरच्या भागात वीट.

भार खांबांवर असल्यामुळे आतल्या भिंती हलवता येतात, दालनं लहानमोठी करता येतात. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा एवढे अवतार घेऊ शकला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. नंतर त्याच छताखाली नगरपालिकेची कचेरीही नांदली.

पण खांब कितीही सागवानी असला तरी त्याचं आयुष्य त्याला बिलगलेली भिंत कोरडी राहण्यावर अवलंबून असतं, आणि भिंत कोरडी ठेवतो तो चुना. कळीचा चुना पाण्यात विरवला की उकळ्या फुटतात. तो मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे दगडी गोल चर, त्यात बैलाने ओढलेलं दगडी चाक. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर हेही त्यात पडायचं. विटांच्या भुकटीमुळे चुना ओलीतही धरतो. बाकीचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश पुन्हा दगड होत जातो. त्याला घाई चालत नाही, गवंड्यालाही करता येत नाही.

आणि हा चुना विटेहून मऊच राहायला हवा. भिंत तापली, थोडी खचली, तर ताण सांध्यात जिरतो. तडा दर्जेला, म्हणजे विटांमधल्या सांध्याला जातो, वीट वाचते. दर्ज पुन्हा भरता येते. जोत्यातून चढलेली ओल त्याच सांध्यांतून वाळून जाते.

कसब्यातल्या एका वाड्यात कुणीतरी चांगल्या हेतूने, मजबुतीसाठी म्हणून, बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा केला होता. वरून भिंत गुळगुळीत, ठणठणीत. छिन्नीने एक पापुद्रा काढला तर मागून ओलसर वास आला. बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी क्षारांसह विटेतच राहिलं होतं. विटांना लोणा लागला होता. बोटाने घासलं तरी वीट पिठासारखी झरत होती. आत हात घातला, तर खांबाचं बूड वाळवीने पोखरलेलं. ज्या गिलाव्याने भिंत वाचायची तोच तिला आतून खात होता. असं काही पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

चुना महाग, म्हणून साध्या घरांत विटा मातीत रचायच्या आणि दर्शनी दर्जा तेवढ्या चुन्यात भरायच्या, अशीही रीत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा अशा भिंतींमधली माती विरघळली आणि घरंच्या घरं बसली. जे वाडे वाचले, त्यांतल्या कितीतरींना पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यांनी मारलं. महिन्याला काही रुपये भाडं मिळत असेल तर मालक कौलं कशाने बदलणार? वाडा पडतो तो बहुधा वयामुळे नाही. छपराची पन्हळ तुंबून भिंतीत पाणी उतरतं आणि वर्षानुवर्षं कुणी चढून बघत नाही, म्हणून.

तुमच्या घराण्याचा वाडा अजून उभा असेल, तर पाडायचं ठरवण्याआधी एवढं करा. पावसाळ्यापूर्वी कौलं आणि पन्हळी बघा. भिंतीत पिंपळ रुजला असेल तर मुळासकट काढा. जोत्यालगतचं सिमेंट हातभर खरवडून आतली वीट वाजवून पाहा. आणि चुन्याचं काम येणारा गवंडी बोलावून त्याच्याकडून अंदाज घ्या. असे गवंडी आता थोडे आहेत, पण आहेत. त्यांना काम मिळालं तरच त्यांची मुलं हे शिकतील.