एक झाड, तीन ओळी

माझ्या यादीत ४१ वनस्पती होत्या. सरांनी तीन ओळींना लाल पेनने एकच कंस घातला, खालचे ४१ खोडून ३९ केले आणि वही माझ्याकडे सरकवली.

"दोन झाडं मारलीस तू," ते म्हणाले. "तीही जन्माला न आलेली."

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष होतं. पाणथळ जागेतल्या वनस्पतींची नोंद असा माझा प्रकल्प होता आणि जागा मी घरचीच निवडली होती. कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी पळसदरी सोडून केळवली, डोलवली, लौजी करत जाते. केळवलीच्या आसपास रुळांच्या खालच्या अंगाला खाचरं आहेत, मधूनमधून खड्डे आणि ओहोळ. पावसाळ्यात सगळं एक होतं आणि खड्ड्यांतलं पाणी दिवाळीनंतरही टिकतं. शनिवार-रविवार मी गुडघाभर चिखलात असायची. आजी बांधावरून ओरडायची, "बाय, पायात बघ गं, कोळसुंदा आहे तिथं."

कोळसुंदा मला लहानपणापासून माहीत. कापणीच्या दिवसांत त्याला जांभळी फुलं येतात. प्रत्येक पेऱ्याला पानांचा वेढा असतो आणि त्या वेढ्यात सहा काटे, सरळ, पिवळसर, दाभणासारखे. पावसाळ्याच्या तोंडी काटे धरायच्या आत आजी त्याचा कोवळा पाला खुडून भाजी करायची. बी वाळवून डब्यात ठेवायची. काष्ठौषधीच्या दुकानात तालिमखाना म्हणून पुडीत मिळतं ते हेच. आम्ही पोरं ते बी जिभेवर ठेवायचो. ओलं झालं की ते बुळबुळीत होऊन टाळूला चिकटतं, आणि ते सोडवताना होणारी तोंडं बघून हसायचं, हा खेळ.

तर हे झाड मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, नव्या पुस्तकातल्या किल्लीने ताडून पाहिलं आणि लिहिलं : हायग्रोफिला शुल्ली. मग यादी भरगच्च दिसावी म्हणून जुन्या पुस्तकांतून या भागातल्या पाणथळ वनस्पती उतरवून काढल्या. एका औषधी वनस्पतींच्या पुस्तकात ॲस्टरकँथा लाँजिफोलिया सापडली, दुसऱ्या जुन्या यादीत हायग्रोफिला स्पायनोसा. दोन्ही नावं मला नवी. दोन्हींपुढे मी शेरा मारला, 'पूर्वी नोंद आहे. सर्वेक्षणात आढळली नाही.' आणि निष्कर्षात एक जड वाक्य टाकलं की अधिवास आक्रसल्यामुळे दोन जाती या परिसरातून नाहीशा झाल्या असाव्यात.

त्या दोन्ही जाती म्हणजे कोळसुंदाच होता. त्याचा काटा तेव्हाही माझ्या टाचेत होता.

"नावं बदलतात हे शिकवलं होतं ना?" सर म्हणाले. शिकवलं होतं. पण परीक्षेत लिहायचं उत्तर म्हणून. मी थोडी चिडूनच विचारलं, "पण सर, सारखी बदलायचीच कशाला? आमची आजी कधी बदलत नाही."

"आजीला एका शिवारापुरतं बोलायचं असतं. चौकच्या बाजारात तालिमखाना मागितलास आणि ऐकणाऱ्याने मखाना दिला तर? मखानाही पाण्यातलंच झाड आहे, पण कुमुदाच्या गोतातलं." मग त्यांनी कपाटातून याच झाडाचा वाळवलेला नमुना काढला. कागदावर चिकटवलेली फांदी, आणि कोपऱ्यात एकाखाली एक तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. जुनी चिठ्ठी काढून टाकायची नसते, नवी तिच्याशेजारी लावायची असते. माझ्या यादीतली तिन्ही नावं तिथे होती. फक्त इथे ती एकाच फांदीला टांगलेली होती.

त्या दुपारी सरांनी मला त्या चिठ्ठ्यांमागची नोंद स्वतः शोधायला बसवलं. ग्रंथालयात तीन दिवस गेले. हाती लागलं ते असं.

लिनियसने १७५६ मध्ये या झाडाला बार्लेरिया लाँजिफोलिया म्हटलं. बार्लेरिया ही कोरांटीची प्रजाती. आमच्या अंगणात पिवळी कोरांटी आहे. काटे पाहिले तर हे नातं मलाही पटलं असतं. पुढे १८३२ मध्ये नीस या जर्मन वनस्पतिज्ञाला ते पटलं नाही. त्याने कोळसुंद्यासाठी ॲस्टरकँथा ही वेगळी प्रजाती केली. ॲस्टर म्हणजे तारा, अकँथा म्हणजे काटा. पेऱ्याभोवती चांदणीसारखे फाकलेले काटे ज्याने हातात धरून पाहिले असतील, त्यालाच असं नाव सुचेल.

पण त्याआधीच, १८१० मध्ये, रॉबर्ट ब्राउनने हायग्रोफिला ही प्रजाती मांडली होती. अर्थ ओलाव्याची आवड असलेली. टॉमस अँडरसनने १८६० मध्ये कोळसुंदा तिच्यात घातला आणि त्याला स्पायनोसा, म्हणजे काटेरी, हे नाव दिलं. प्रजाती बरोबर होती, पण जातीचं नाव नियमात बसत नव्हतं. जातीला मिळालेलं सगळ्यात जुनं नाव राखायचं, हा नियम. ते जुनं नाव लाँजिफोलिया. पण हायग्रोफिलात ते दुसऱ्या एका झाडाने अडवलेलं होतं, आणि एका घरात दोन भावांना एकच नाव ठेवत नाहीत. मग त्याच्या पाठोपाठचं जुनं नाव शोधणं आलं. १९६२ मध्ये हाइने यांनी ऑरिक्युलाटा हे नाव घेतलं. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरून आणलेल्या नमुन्याला शूमाकर या डॅनिश वनस्पतिज्ञाने ते १८२७ मध्ये दिलं होतं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मुंबईतल्या दोघा अभ्यासकांनी, मार्सेलिन आणि सारा अल्मेडा यांनी, १८२७च्याही मागचं एक नाव काढलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९८६च्या पुरवणीत त्यांनी हायग्रोफिला शुल्ली हे नाव प्रसिद्ध केलं. शुल्ली आलं १८२४च्या लेखनातून, ब्युकॅनन-हॅमिल्टनच्या. सगळा निकाल तीन वर्षांच्या फरकावर. पुस्तकांतून आजही दोन्ही नावं भेटतात, ऑरिक्युलाटा आणि शुल्ली.

त्या रविवारी सरांच्या सांगण्यावरून मी बांधावर आणखी एक काम केलं. कोळसुंद्याच्या बुंध्याशीच एक सरपटणारी वनस्पती होती. इवलीशी पानं, काटा नावाला नाही. यादीत मी तिला हायग्रोफिला सर्पायलम म्हणून नोंदलं होतं, पण ही कोळसुंद्याची बहीण आहे हे मनाने कधी घेतलं नव्हतं. ओसरीवर बसून दोन्हींची फुलं ब्लेडने उभी चिरली, भिंगाखाली धरली. दोन ओठांचं फूल, चिंचोळं बोंड, आत ओळीने बिया. दोन्हींची बी पाण्यात टाकली, दोन्हींनी बुळबुळीत कवच धरलं. काटे बाजूला ठेवले की घर एकच. अँडरसनने १८६० मध्ये काय पाहिलं ते मला तेव्हा दिसलं, आणि काट्यांवर भाळलेल्या नीसचंही चुकलं असं वाटलं नाही. प्रत्येक नाव म्हणजे झाडाकडे कुणीतरी एकदा नीट पाहिल्याची पावती होती. मी मात्र न पाहता नुसत्या पावत्या मोजल्या होत्या.

आजी शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एवढी चिरफाड केलीस, मग नाव काय ठरलं?"

"शुल्ली."

"हे कुठलं नाव?"

ते मी शोधून ठेवलं होतं. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला. 'होर्तुस मलबारिकुस', १६७८ ते १६९३. दुसऱ्या खंडात या झाडाचं चित्र आहे आणि नाव आहे बहेल-शुल्ली. मल्याळीत आजही याला वयलचुळ्ळी म्हणतात. वयल म्हणजे भातखाचर. ब्युकॅनन-हॅमिल्टनने त्या ग्रंथावर टिपणं लिहिताना हेच नाव उचललं. म्हणजे लॅटिन, ग्रीक, गिनीचा किनारा असं सगळं फिरून शेवटी झाडाला चिकटलं ते भाताच्या बांधावरचंच नाव. ऱ्हीडला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग सूप हलवत म्हणाली, "म्हंजे तिकडच्या शेतकऱ्याचं नाव लागलं. आपलं का नाही लावलं?"

"आपल्याकडे तेव्हा कुणी विचारून लिहून घेतलं नाही, आजी."

"मग आता तू घे की."

नमुन्याच्या चिठ्ठीवर 'स्थानिक नाव' अशी एक ओळ असते. माझ्या ३९ नमुन्यांत ती ओळ मी सगळीकडे कोरी ठेवली होती. शास्त्रीय नाव आहे म्हटल्यावर ती कशाला भरायची, असं वाटलं होतं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर आणला आणि आजीपुढे एकेक फांदी धरत गेले. सव्वीस नावं तिने सांगितली. चार ठिकाणी म्हणाली, "हे ठाकरवाडीत विचार, त्यांना ठाऊक." बाकीच्यांना ती नुसतं गवत म्हणाली.

पहिली चिठ्ठी कोळसुंद्याची भरली.