दृढीकरणाच्या आधी

अहमदनगर

चि. बाळ यास,


तुझे पत्र पोचले. नाताळापूर्वीच्या दृढीकरणविधीसाठी पाळकसाहेबांनी तुझे नाव यादीत घातले असूनही, सर्व मंडळीसमक्ष उभे राहून ‘होय’ म्हणण्याइतका आवेग आपल्या अंतःकरणात नाही, तेव्हा ते ‘होय’ दांभिकपणाचे तर ठरणार नाही ना, अशी जी शंका तू लिहिली आहेस, ती वाचून तुझी आई कदाचित घाबरली असती. मला मात्र समाधान वाटले. अशी शंका ज्यांना कधी शिवलीच नाही असे गृहस्थ मी आमच्या मंडळीच्या पंचायतीत पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी अधिक न लिहिणेच बरे.

निष्ठा ही मनाची एक प्रज्वलित अवस्था असून ती आधी प्राप्त व्हावी आणि मगच माणसाने शब्द द्यावा, असे तू गृहीत धरले आहेस. हे गृहीत मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठी मी पंडिता रमाबाईंकडे वळतो. कारण आपल्या लोकांत त्यांची तसबीर घरोघर असली तरी त्यांचे चरित्र फारच थोड्यांनी नीट वाचलेले असते.

१८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, बंधू व पती एकामागून एक वारलेले, आणि ज्या वैद्यकीच्या अभ्यासासाठी समुद्र ओलांडला तो मार्गही कानांच्या अधूपणामुळे बंद झालेला, अशा स्थितीत घेतलेला तो निर्णय होता. आता यापुढचे लक्षपूर्वक वाच. पुष्कळ वर्षांनी आपली साक्ष लिहिताना त्यांनी निःसंकोचपणे नमूद करून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की आपल्या हाती ख्रिस्ताचा धर्म आला होता, खुद्द ख्रिस्त आला नव्हता. जी पूर्ण खात्री तुला दृढीकरणाच्या दिवसाआधी हवी आहे, ती रमाबाईंसारख्या बाईला शब्द देऊन चुकल्यावर आठ वर्षांनीही मिळालेली नव्हती!

पण ती आठ वर्षे त्या अंतःकरणाची नाडी तपासत बसल्या नाहीत. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने देऊन निधी जमविला, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. बरे, हे सर्व करताना त्यांनी आपली बुद्धी कोणापाशी गहाण टाकली होती असेही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहिला, तर एखाद्या निष्णात वकिलाने उलटतपासणी करावी तसा तो आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या आयाबहिणींना ती कळतात का, असे विचारण्यासही त्या कचरल्या नाहीत. वाद चालू ठेवूनही माणूस आपल्या शब्दाला जागू शकतो, एवढे तरी यावरून तुझ्या ध्यानात यावे.

पुढे केडगावचे मुक्ती सदन झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या; त्यांना अन्न, वस्त्र, औषधपाणी दिले, शिवाय शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग शिकविले. परंतु मला त्यांच्या निष्ठेचा खरा पुरावा दिसतो तो बायबलाच्या भाषांतरात. प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, ते संस्कृताने जड झाले आहे, असे मत झाल्यावर त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि संस्थेचा सर्व कारभार सांभाळून वर्षानुवर्षे ते काम चालविले. छपाईचे खिळे जुळविणाऱ्या हातांत सदनातल्याच मुलींचे हात होते. १९२१ साली मनोरमा, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक आणि उजवा हात, निवर्तली. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. आज आपल्या मंडळ्यांतून तो वाचला जात नाही. वाचले जाते ते बायबल सोसायटीचे भाषांतर. म्हणून ते श्रम वाया गेले असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, पण त्याच्याशी माझे जमणारही नाही.

दुसऱ्या बाजूनेही थोडे लिहितो. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केवळ पतीचा धर्म म्हणून तो आपला मानला नाही. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, सोवळे सांभाळीत राहिल्या, पुढे पतीकडे परत आल्यावरही आपला निर्णय राखून राहिल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो सुमारे पाच वर्षांनी, स्वतःची खातरजमा झाल्यावर. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईच्या कपाटात आहे, काढून वाच. तेव्हा तुझे मन खरोखरच नकार देत असेल, तर मुदत मागण्यात काडीचाही कमीपणा नाही. मात्र नकार आणि आवेगाचा अभाव यांत अंतर आहे, आणि तुझ्या पत्रात मला नकार कोठेही दिसला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातले दोघे पुत्र तुला आठवत असतील. द्राक्षमळ्यात जाण्यास एकाने साफ नाही म्हटले आणि मागाहून तो गेला. दुसऱ्याने अदबीने होकार दिला आणि तो गेलाच नाही. कोणाच्या मनात किती उत्साह होता, याची चौकशी प्रभूने केलेली नाही.

तू तर मामलेदार कचेरीत कारकून. तगाईचा अर्ज घेऊन दहा कोस पायपीट करून आलेल्या कुणब्याला ‘उद्या ये’ न सांगता त्याचा कागद त्याच दिवशी निकाली काढणे, साहेबांची मर्जी सांभाळण्यासाठी दप्तरात खोटी नोंद न करणे, आणि हे कोणी पाहत नसताना, पगार तुटपुंजा असताना, मन विटलेले असतानाही करीत राहणे, यापेक्षा वेगळी अशी काही ख्रिस्ती निष्ठा असते असे मला या वयातही आढळलेले नाही. प्रार्थना यातून सुटत नाही. उलट असल्या दिवसांनंतरच तिची गरज लागते.

पाळकसाहेबांना भेट आणि मला लिहिलेस तसेच त्यांना मोकळेपणी सांग. ते समंजस आहेत. जे ठरेल ते लवकर कळव, कारण दृढीकरणाच्या रविवारी तिकडे यायचे तर मला शाळेत रजेचा अर्ज आगाऊ द्यावा लागेल.

तुझा,
मामा