गुणक एक आला, तरी

‘पडताळणी गुणक काढून आणा,’ एवढंच सांगून साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. गणित चौथीचं. रजिस्टरमधून आपण मोजलेला आकडा भागिले केंद्राने एचएमआयएसवर, म्हणजे सरकारच्या आरोग्य माहिती प्रणालीवर, चढवलेला आकडा. एक आला तर उत्तम, कमी आला तर फुगवून कळवलंय, जास्त आला तर कमी कळवलंय. 2008 मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत देशभरातली सरकारी केंद्रं दर महिन्याची गोळाबेरीज भरतात. ती खरी की नाही, हे बघायला माझ्यासारखी नवी कंत्राटी मुलगी.

उपकेंद्रात सिस्टरनी टेबलावर रजिस्टरांचा ढीग ठेवला. पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस: कळवलेले 18. मी रजिस्टरमध्ये बोट ठेवून मोजले, 15. पुन्हा मोजले, 15. गुणक 0.83. म्हणजे फुगवाफुगवी! मी तसं लिहायला लागले, तर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, टॅली शीट बघा ना.’ त्यावर रेघा 18 होत्या. जास्तीची तिघं वीटभट्टीवरच्या कामगारांची लेकरं. कार्डं दुसऱ्या जिल्ह्यातली, आणि रजिस्टरमध्ये ओळी फक्त गावच्या बाळांच्या. टोचलं तेव्हा टॅलीवर रेघ पडली, रजिस्टरमध्ये नाव लिहायला जागाच नव्हती.

लस जिथे दिली तिथेच मोजायची, असा नियम. मग अहवाल बरोबर आणि रजिस्टर अपुरं. पण रेघा काय, कुणीही ओढेल! म्हणून साठा रजिस्टर काढलं. पेंटाच्या कुपीत दहा डोस, आणि पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही त्यातूनच जातात. महिन्यात 6 कुप्या संपल्या होत्या, तिन्ही डोस मिळून 57. बसलं. गुणक मात्र 0.83 च राहिला, कारण फॉर्मवर वीटभट्टीला रकाना नाही. मी शेऱ्यात बारीक अक्षरात सगळं कोंबलं.

गरोदर मातांच्या नोंदणीत आकडे तंतोतंत जुळले, आणि तिथेच मी जास्त गोंधळले. पहिलं बाळंतपण माहेरी. तिसऱ्या महिन्यात सासरच्या उपकेंद्रात नोंद झालेली सून सातव्यात माहेरी येते, आणि इथल्या आशाताई तिला नवी म्हणून लिहून घेतात. दोन्ही ठिकाणी रजिस्टर आणि अहवाल जुळतात, दोन्हीकडे गुणक एक, आणि जिल्ह्याच्या बेरजेत एका बाईच्या दोन होतात. माता-बालकांच्या आरसीएच पोर्टलवर नावानिशी नोंद असते, प्रत्येकीला क्रमांक मिळतो, तो कार्डावरही असतो. पण कार्ड सासरीच राहतं. माहेरी येताना पिशवीत लुगडी येतात, कार्ड येत नाही.

दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रसूती रजिस्टर सुबक, एकच हस्ताक्षर, एकही खाडाखोड नाही. प्रसूती जुळल्या, जिवंत जन्म जुळले, कमी वजनाची बाळंही जुळली: अहवालात शून्य, रजिस्टरमध्ये शून्य. निघणारच होते, तेवढ्यात वजनाच्या रकान्यावरून सहज नजर फिरवली. 2.5, 2.5, 2.6, 2.5, 3.0, 2.5, 2.5. पान उलटलं, तेच. अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं ठरतं, आणि मग पाठपुरावा, फेऱ्या, वरून फोन. 2.4 सबंध रजिस्टरात कुठेच नव्हतं. इतकी बाळं बरोब्बर सीमारेषेवर जन्माला येतात? प्रसूतिकक्षातल्या सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, ‘काटा तेवढंच दाखवतो.’ काटा बघायला मागितला. तो दुरुस्तीला गेला होता.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, ‘गुणक?’

‘पीएचसीचा एक आला, सर. पण वजनाचा रकाना...’ मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, पानभर अडीच पाहिले, आणि जरासुद्धा दचकले नाहीत.

‘रक्तदाबाचा बघितलात?’

नव्हता बघितला. फोटोत तोही आला होता. बोटांनी मोठा करून पाहिला: वरपासून खालपर्यंत 120/80.

‘उद्या पुन्हा जा,’ ते म्हणाले, ‘आणि रजिस्टर मागायच्या आधी बीपीचं मशीन मागा.’