गाडी कोणती घेतलीत?

मार्चपासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला हा प्रश्न विचारला गेला आहे. "फोक्सवॅगन जीटीआय, 2018 ची" असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनच भाव उमटतात. एक, "तब्येत बरी आहे ना?" आणि दुसरा, "मुलासाठी असेल." मुलासाठी नाही, माझ्यासाठीच आहे. रोज कामावर मी तीच नेते, आईंना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) डॉक्टरकडे तिच्यातूनच नेते आणि मे ते ऑक्टोबर महिन्यातल्या एखाद्या रविवारी तीच घेऊन ऑटोक्रॉसला जाते. संपादक म्हणाले, एकदा सविस्तर लिहून टाका म्हणजे लोक विचारायचे थांबतील. तेव्हा लिहिते आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण आमचे हे अजूनही त्याला "डर्बी" म्हणतात. डर्बी नव्हे. एखादं मोठं रिकामं पार्किंग लॉट किंवा विमानतळाचा जुना भाग घ्यायचा, त्यावर रस्त्याच्या कामाला ठेवतात तसे नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट तयार करायची आणि एका वेळी एका गाडीने ती वाट घड्याळावर पार करायची. फेरी असते मिनिटभराची, दिवसाला चार-सहा फेऱ्या. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद मिळवतात आणि वाट चुकली तर ती फेरी बाद. बहुतेक वेळा गाडी दुसऱ्या गिअरमध्येच असते, हायवेवरचा वेग क्वचितच गाठला जातो. शेजारी दुसरी गाडी नसल्यामुळे धडक कोणाशी होणार? स्वतःची फेरी नसेल तेव्हा उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलून ठेवायचे. ते प्रत्येकाला करावंच लागतं, मग तो डॉक्टर असो की मेकॅनिक. 1944 साली स्थापन झालेला स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका याला "सोलो" म्हणतो. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून नेब्रास्कात लिंकनला होते. मी तिथवर जाणार नाहीये, काळजी नसावी.

मला हा नाद लागला चिरंजीवांमुळे. ते कॉलेजच्या फॉर्म्युला एसएई टीममध्ये होते. मुलंच छोटी रेसकार डिझाइन करतात, बांधतात आणि आपल्या मिशिगन इंटरनॅशनल स्पीडवेवर मे महिन्यात तिची परीक्षा होते. त्या परीक्षेत एक भाग ऑटोक्रॉसचा असतो. इतर आयांबरोबर मीही डबे घेऊन गेले होते, आणि कोनांमधून वळणाऱ्या त्या गाड्या पाहून वाटलं, हे आपल्यालाही जमेल. पुण्यात मी फियाटवर, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकले, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. लक्ष्मी रोडवर सायकली, रिक्षा आणि गाई चुकवण्याचा अनुभव कोनांच्या बाबतीत वाया जात नाही.

पहिला हंगाम मी जुन्या सेडानवर काढला. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला हाच, की पहिल्या वर्षी घरात जी गाडी असेल तीच न्या. तपासणीत ते पाहतात की बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट आवळलेत का, ब्रेकचं पेडल खाली जात नाही ना, आणि आत काही सुटं पडलेलं नाही ना. (माझ्या गाडीतून कुंकवाचा करंडा, दोन छत्र्या आणि मंडळाच्या दिवाळीच्या पणत्यांचं खोकं निघालं.) हेल्मेट बहुतेक ठिकाणी उसनं मिळतं.

अठरा हिवाळ्यांच्या मिठाने त्या सेडानचा तळ खाल्ला आणि बदलायची वेळ आली. बजेट वीस हजारांच्या आत, आणि गाडी एकच. मजेसाठी वेगळी गाडी ठेवण्याएवढी चैन आम्हाला परवडत नाही. ह्यांचं म्हणणं, माझ्यासारखीच उंच एसयूव्ही घे, बर्फात बरी. इथे आईंचा प्रश्न आला.

आई 83 वर्षांच्या आहेत. 2019 पासून आमच्याकडेच असतात. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसरा तसाच दुखतो. ह्यांच्या एसयूव्हीत चढायला आम्ही एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. "घोड्यावर बसवताय का मला?" असं त्या पहिल्यांदा हसून म्हणाल्या. मग देवळात जाणं बंद झालं, मग भिशी, आणि गेल्या वर्षी गणपतीलाही त्या आल्या नाहीत. विचारणाऱ्यांना मी "बरं नव्हतं" असं सांगितलं, पण बरं होतं. पार्किंग लॉटमध्ये चार लोकांदेखत मुलाने काखेत धरून उचलून ठेवायचं, हे त्यांना नको होतं. साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या त्या! डॉक्टर सांगत होते की त्या जेवढ्या घराबाहेर पडतील तेवढं बरं, आणि त्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सोडली तर उंबरठा ओलांडत नव्हत्या.

म्हणजे गाडी उंच चालणार नव्हती. गंमत अशी की ऑटोक्रॉसलाही उंच गाडी चालत नाही. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर कमी आणि वजनाचा मध्य उंचावर असेल, तर तीव्र वळणावर गाडी उलटू शकते. म्हणून बहुतेक एसयूव्ही आणि मिनीव्हॅनना तिथे घेतच नाहीत. मी हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या त्या लोकांचं आणि माझं एकमत आहे तर!"

पण उलट्या टोकालाही जाता येईना. चिरंजीवांनी फोनवर एकच शब्द सांगितला, मियाटा. 1989 साली आली तेव्हापासून ऑटोक्रॉसवाल्यांची ती लाडकी. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, सांगाल तिथे वळणारी. पण सीटं दोन. म्हणजे मी आणि वॉकर, किंवा मी आणि आई. शिवाय तिच्यातून उतरताना मला स्वतःला जमिनीला हात टेकावा लागला. टोयोटा जीआर 86 आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांना मागे सीट आहे खरी, पण त्यावर पर्स बसते, माणूस नाही.

मग मी शिंपिणीसारखी टेप घेऊन हिंडू लागले. घरातल्या ज्या खुर्चीवरून आई कुणाचा हात न धरता उठतात, तिची उंची 18 इंच. गाडीचं सीट त्याच्या जवळपास हवं, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, दार भरपूर उघडायला हवं आणि टपाची कड डोक्याला लागायला नको. तीन शनिवार मी आईंना घेऊन वापरलेल्या गाड्यांच्या दुकानांतून फिरले. एका दुकानातला विक्रेता मला सोडून ह्यांना हॉर्सपॉवर समजावत होता, आणि हे बिचारे मान डोलावत होते. तिथून आम्ही निघालो.

होंडा सिव्हिक एसआयची चार दारांची गाडी मला फार आवडली. 2017 ते 2020 च्या त्या गाडीत 205 हॉर्सपॉवर आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जोरात वळली की आतलं चाक हलकं होतं आणि साध्या गाडीत ताकद त्याच चाकात जाऊन ते नुसतं फिरत राहतं. या डिफरन्शियलमुळे ती बाहेरच्या चाकाला मिळते आणि गाडी वळणातून ओढली जाते. तिशीच्या आतल्या कोणी विचारलं तर मी हीच सांगेन. पण सीट खोलगट. आई बसल्या छान, उठताना मात्र दोघांनी हात द्यावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विक्रेत्याचे आभार मानून टेप गुंडाळली.

जीटीआयमध्ये त्या बसल्या आणि दाराची चौकट धरून आपल्या आपण उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग सीटवरून हात फिरवून म्हणाल्या, "अगं, ही तर सोलापूरची चादर!" सीटचं कापड चौकड्यांचं आहे. 1976 च्या पहिल्या जीटीआयपासून ते चालत आलं आहे आणि ते निवडलं होतं गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंनी. कंपनीत कापड आणि रंगांचं काम त्या पाहायच्या. हे ऐकून आई खूश. मागचं दार वर उघडतं, सीट पाडली की घडीचा वॉकर आणि किराणा, किंवा चार टायर, आरामात मावतात.

गिअर ऑटोमॅटिक घेतला यावरून चिरंजीवांनी नाक मुरडलं. पण फेरीतला बहुतेक वेळ जर दुसऱ्याच गिअरमध्ये जाणार, तर वर्षातल्या दहा-बारा मिनिटांच्या मजेसाठी बाकीचे दिवस सहाशे शहाण्णव नंबरच्या हायवेवर क्लच कशाला दाबायचा? शिवाय मी कामावर अडकले तर ह्यांना ही गाडी नेता आली पाहिजे. आमचे शेजारी गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. डेट्रॉईटमध्ये राहून जर्मन गाडी घेतली म्हणून ते आठवडाभर बोलले नाहीत. अमेरिकेत विकलेली या पिढीची जीटीआय मेक्सिकोत पुएब्लाला बनायची, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

खर्चाचं थोडं. गाडीवर 18 इंची रिम आणि चपटे टायर होते. मिशिगनच्या खड्ड्यांत ते टिकायचे नाहीत. क्लबच्या स्ट्रीट वर्गात रिम एक इंच लहान-मोठी चालते, म्हणून मी 17 इंची घेतल्या. टायरची भिंत जाड झाली, आईंच्या पाठीला हादरे कमी. उन्हाळी टायर थंडीत कडक होऊन पकड सोडतात, तेव्हा हिवाळ्याचे वेगळे हवेतच, ऑटोक्रॉस करा किंवा नका करू. 2012 च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीत घसरण रोखणारी स्टॅबिलिटी कंट्रोल असते. ती फेरीपुरती किती सैल सोडता येते ते घेण्याआधी विचारा, आणि घरी येताना पुन्हा चालू करा. विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. स्पर्धेत गाडीचं नुकसान झालं तर बऱ्याच पॉलिसी ते देत नाहीत. आणि बुटाचं पांढरं पॉलिश, तेच, शाळेत पीटीच्या बुटांना लावायचो ते. टायरच्या कडेला लावलं की कुठवर पुसलं गेलं त्यावरून हवा कमी आहे का ते कळतं.

वळणात ही गाडी मागचं आतलं चाक हवेत उचलते, खांबापाशी उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखं. तो फोटो चिरंजीवांनी फ्रिजवर लावला आहे.

जूनमध्ये आई बघायला आल्या. छत्री, घडीची खुर्ची, थर्मास असा सरंजाम. दुपारपर्यंत त्यांनी वही काढून प्रत्येकाचे कोन मोजायला सुरुवात केली होती. "त्या लाल गाडीवाल्याने चार पाडले. आठ सेकंद. जोर आहे, पण अभ्यास नाही." माझ्याबद्दल काय लिहिलं ते दाखवलं नाही.

हंगाम अजून ऑक्टोबरपर्यंत आहे. कुणाला बघायला यायचं असेल तर मला फोन करा, थालीपीठं मी आणते, पाणी आणि टोपी तुम्ही आणा. आणि कार्यकारिणीला एक विनंती. यंदा गणपतीला आई येणार आहेत. हॉलच्या दाराजवळची एक जागा आमच्यासाठी राखून ठेवा. कोन लागला तर माझ्याकडे आहेत.