दासगावचा जिताडा

तळीये गाव डोंगरातले. गळ टाकायचा तर एस.टी.ने महाडला उतरून पुढे दासगावची खाडी गाठावी लागते. आमचे यजमान तळीयेचेच, आणि गळाचा त्यांना भारी नाद.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावून बाणकोटला समुद्राला मिळते. भरती मात्र उलट्या वाटेने महाडच्या उंबरठ्यापर्यंत येते. तिच्याबरोबर जिताडा येतो. हा मासा पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर वर सरकतात. शिवाय तरुणपणी तो नर असतो, पुढे मादी होतो! (हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “उशिरा का होईना, शहाणपण येतं म्हणायचं!”)

ओहोटी लागली की कांदळाच्या मुळांतून लहान मासळी बाहेर पडते. तिथेच जिताडा दबा धरून असतो. यजमानांनी जिवंत कोळंबी लावून गळ नेमका तिथे टाकला.

“पाऊस भरपूर झाला की मासा भरपूर, नाही का?” मी सहज विचारले.

ते पाण्याकडे पाहत राहिले. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, हे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते.

“पूर्वी पावसाची वाट बघायचो, सर. आता रात्री सर आली की उठून बसतो.”

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. चांगला अडीच किलोंचा निघाला.

संध्याकाळी त्यांनी अंगणात वाटे घातले, सहा. मग एक उचलून बाकीच्यांत मिसळला आणि हात धुवायला उठले.